राखीव कॅचरची नोकरी दुसऱ्याच्या गुडघ्यावर का अवलंबून असते

क्रिकेटमधला यष्टिरक्षक संघ क्षेत्ररक्षण करत असताना कसोटीत दिवसदिवसभर यष्ट्यांमागे उभा राहतो आणि दुखापत झाली नाही, तर एकही सामना न चुकवता वर्षानुवर्षे खेळू शकतो. बेसबॉलमधल्या कॅचरला हे जमत नाही. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो, म्हणजे आठवड्यातले जवळजवळ सहा दिवस सामना असतो. आणि या सगळ्या सामन्यांत पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत प्लेटमागे, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जमिनीतल्या पाटीमागे, बसणे कोणत्याही माणसाच्या गुडघ्यांना झेपणारे नसते. त्यामुळे मुख्य कॅचर साधारण ११० ते १३० सामने सुरू करतो आणि उरलेल्या तीस ते पन्नास सामन्यांसाठी संघ दुसरा माणूस बाळगतो. रात्रीचा सामना उशिरा संपून दुसऱ्या दिवशी दुपारी लगेच पुढचा असेल, तर दुपारच्या सामन्यात हाच दुसरा माणूस दिसण्याची शक्यता अधिक असते. त्याला राखीव कॅचर म्हणतात. त्याची कारकीर्द सरळ चढणीसारखी का नसते, तिच्यात दहा-दहा वर्षे काहीच न घडता एका दुपारी सगळे का घडते, हे समजून घ्यायचे असेल, तर आधी त्याचे काम समजून घ्यावे लागते.

कॅचर होम प्लेटच्या मागे उकिडवा बसतो. एका सामन्यात त्याच्या संघाचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, मिळून सुमारे दीडशे चेंडू टाकतात आणि त्यातले बरेचसे ताशी १५० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने येतात. फलंदाजाच्या बॅटला निसटता स्पर्श होऊन वळलेला चेंडू थेट त्याच्या मुखवट्यावर, खांद्यावर किंवा उघड्या बोटांवर आदळतो. डोक्याला बसणारे हे मार इतके गंभीर ठरले, की २०११ पासून मेजर लीगने अशा खेळाडूंसाठी सात दिवसांची वेगळी जखमी-यादी सुरू केली. धावा काढताना गाठायच्या टप्प्यांना बेस म्हणतात. धावणारा प्रतिस्पर्धी चेंडू टाकला जात असतानाच पळून दुसरा बेस चोरू पाहत असेल, तर कॅचरला बसल्या जागेवरून उठून १२७ फुटांवर अचूक फेक करावी लागते. चेंडू त्याच्या हातमोज्यात पडल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या हातमोज्यात पोहोचेपर्यंत दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर चोर बहुधा सुटतो.

पण कॅचरचा पगार यासाठीच दिला जातो असे मानणे ही बाहेरून पाहणाऱ्याची चूक होय. पुढचा चेंडू कोणता असावा हे बऱ्याचदा तो सुचवतो. पूर्वी बोटांच्या खुणांनी सुचवायचा, २०२२ पासून बहुतेक वेळा मनगटावर किंवा गुडघ्याच्या पट्ट्यावर लावलेल्या छोट्या यंत्राची बटणे दाबून सुचवतो. संघाच्या २६ जणांच्या यादीत १३ पर्यंत पिचर असू शकतात. त्या प्रत्येकाचा कोणता चेंडू आज नीट पडतो आहे, कोण घाबरला की घाईघाईने टाकू लागतो, कोणाला दटावलेले चालते आणि कोणाच्या पाठीवर हात ठेवावा लागतो, हे सगळे त्याला पाठ असावे लागते. मुख्य कॅचर हे रोजच्या सरावातून शिकतो. राखीव कॅचरला मात्र आठवड्यातून एखाददुसरा दिवसच प्लेटमागे बसायला मिळतो, तरी तेवढीच माहिती तयार ठेवावी लागते. फलंदाजीचा हात मात्र चार दिवस बाकावर बसून थंड पडलेला असतो. रोज खेळणाऱ्या माणसाच्या आणि त्याच्या फलंदाजीच्या आकड्यांची तुलना करताना ही गोष्ट सहसा विसरली जाते, आणि मला ती तुलना अन्यायाची वाटते.

आता हिशेब पाहू. संघ ३० आहेत आणि प्रत्येकाकडे साधारण दोन कॅचर असतात, म्हणजे जगातल्या सर्वोच्च पातळीवर या कामाच्या साठेक जागा. त्यातल्या तीस मुख्य कॅचरच्या. उरलेल्या तीस जागांसाठी खालच्या मायनर लीगच्या चार पायऱ्यांवर, सिंगल-ए पासून ट्रिपल-ए पर्यंत, शेकडो कॅचर वाट पाहत असतात. बाहेरच्या मैदानावरचा खेळाडू गरज पडल्यास तीन वेगवेगळ्या जागी खेळू शकतो; कॅचरला मात्र बहुधा एकच जागा येते, आणि त्या जागेवर दुसऱ्या कोणाला सहज उभे करता येत नाही. त्यामुळे त्याची गरज एक तर अजिबात नसते, नाही तर अगदी तातडीची असते. दर वसंतात सरावशिबिरांना बोलावलेल्या कॅचरची संख्या पाहून नवखा माणूस चकित होतो, पण त्यामागचे कारण साधे आहे: शिबिरात डझनावारी पिचर एकाच वेळी सराव करतात आणि प्रत्येकाचे चेंडू झेलायला कोणीतरी लागते. बोलावणे आले म्हणजे संधी आली असे नाही, हे तिशीतला कॅचर जाणून असतो.

जागा रिकामी होते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शरीराला काही झाल्यावर. २५ मे २०११ रोजी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा तरुण कॅचर बस्टर पोझी प्लेटजवळच्या टकरीत गंभीर जखमी झाला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. आदल्या वर्षी जायंट्सने विजेतेपद मिळवले होते आणि पोझी त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला होता. दुसऱ्या दिवसापासून एली व्हाइटसाइड या राखीव कॅचरवर भार पडला. २०१४ मध्ये अशा टकरींना आळा घालणारा नियम आला, पण घोट्याचे, अंगठ्याचे आणि गुडघ्याचे दुखणे कोणत्याही नियमाने थांबत नाही, आणि राखीव कॅचरचे बोलावणे आजही बहुधा अशाच कोणाच्या तरी दुखण्यातून येते.

कारकीर्द खडबडीत होण्याचे दुसरे कारण नियमपुस्तकात आहे. २६ जणांच्या सक्रिय यादीभोवती ४० जणांची एक मोठी यादी असते. या मोठ्या यादीतल्या खेळाडूला संघ साधारण तीन हंगामांपर्यंत हवे तेव्हा मायनर लीगमध्ये पाठवू आणि परत बोलावू शकतो. २०२२ च्या करारापासून एका हंगामात अशी पाठवणी पाचपेक्षा जास्त वेळा करता येत नाही. हे तीन हंगाम संपले, की त्याला परस्पर खाली पाठवता येत नाही. मग संघ त्याचे नाव यादीतून काढतो, आणि त्यानंतरच्या सात दिवसांत त्याचा दुसऱ्या संघाशी सौदा करावा लागतो, किंवा उरलेल्या २९ संघांना त्याच्यावर हक्क सांगण्याची मुभा द्यावी लागते, किंवा त्याला सोडून द्यावे लागते. कोणीच हक्क सांगितला नाही, तर तो बहुधा ट्रिपल-ए मध्ये जातो. राखीव कॅचरच्या बाबतीत हा आठवडा वारंवार येतो. घर एका राज्यात, मुलांची शाळा दुसऱ्या राज्यात, सामानाची पेटी तिसऱ्या राज्यात, आणि आपण पुढच्या सोमवारी कोणत्या गावात असू हे ठाऊक नाही, असे ते आयुष्य आहे.

पैशाची बाजू दिवसांत मोजली जाते. २०२५ मध्ये मेजर लीगचे किमान वार्षिक वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. हंगामाच्या सुमारे १८६ दिवसांवर ते वाटले, तर दिवसाला चार हजार डॉलरहून अधिक पडतात. मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार २०२३ मध्ये झाला आणि त्यात ट्रिपल-ए चे किमान वेतन वर्षाला ३५,८०० डॉलर ठरले. म्हणजे वरच्या पातळीवरचे नऊ दिवस हे खालच्या पातळीवरच्या किमान वेतनाच्या पूर्ण वर्षाइतके भरतात. मेजर लीगच्या यादीत १७२ दिवस भरले, की सेवेचे एक वर्ष धरले जाते. अशी तीन वर्षे झाली, की पगार लवादापुढे नेता येतो आणि सहा वर्षांनी खेळाडू कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा होतो. नुसते ४३ दिवस भरले, तरी निवृत्तिवेतनाचा किमान हक्क लागू होतो. मुख्य खेळाडूला हे आकडे आठवावे लागत नाहीत. राखीव कॅचर मात्र आपले दिवस बोटांवर मोजत असतो, कारण ऑगस्टमध्ये कोणाचा तरी अंगठा दुखावणे किंवा न दुखावणे यावर त्याचा ४३ वा दिवस भरणार की नाही हे ठरू शकते.

हे सगळे एका माणसाच्या आयुष्यात पाहायचे, तर एरिक क्रॅट्झचे उदाहरण घ्यावे. व्हर्जिनियातल्या ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठातून त्याला २००२ मध्ये टोरोंटो ब्लू जेजने निवडले, तेही २९ व्या फेरीत, म्हणजे शेकडो खेळाडूंची नावे पुकारून झाल्यावर. मेजर लीगमधला त्याचा पहिला सामना जुलै २०१० मध्ये पिट्सबर्गकडून झाला, आणि तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता. मधली आठ वर्षे मायनर लीगच्या बसमध्ये गेली. पुढे फिलाडेल्फियात मुख्य कॅचर कार्लोस रुईझवर २०१३ च्या सुरुवातीला २५ सामन्यांची बंदी आली, तेव्हा हंगामाची सुरुवात क्रॅट्झने केली. बंदी उठली आणि तो पुन्हा बाकावर गेला. अकरा हंगामांत तो मेजर लीगच्या नऊ संघांकडून खेळला, त्यातल्या काहींकडे तर दोनदा गेला.

२०१५ च्या उन्हाळ्यात घडले ते मला या सगळ्या विषयाचे सार वाटते. क्रॅट्झ तेव्हा कॅन्सस सिटी रॉयल्सचा राखीव कॅचर होता, आणि त्याच्यापुढे साल्वादोर पेरेझ हा असा मुख्य कॅचर होता, जो विश्रांती घ्यायलाच तयार नसे. मे महिन्यात क्रॅट्झचा पाय दुखावला. रॉयल्सने तात्पुरती सोय म्हणून ड्रू ब्युटेराला आणले. क्रॅट्झ बरा झाला तोपर्यंत त्याच्या जागेवर ब्युटेरा बसलेला होता, आणि जूनमध्ये रॉयल्सने क्रॅट्झला यादीतून काढले. रॉयल्स पुढे वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, गेले.

१ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सिटी फील्डवर या मालिकेचा पाचवा सामना बाराव्या डावात पोहोचला. (बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो; बरोबरी राहिली, तर डाव वाढत जातात.) त्या डावाच्या सुरुवातीला पेरेझने फटका मारून पहिला बेस गाठला. पेरेझ धावायला मंद, म्हणून त्याच्या जागी जॅरड डायसन हा वेगवान खेळाडू धावायला आला. त्याने दुसरा बेस चोरला आणि त्याचीच धाव रॉयल्सला पुढे घेऊन गेली. पण बेसबॉलमध्ये एकदा बदललेला खेळाडू परत येऊ शकत नाही. संपूर्ण मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला पेरेझ त्यामुळे बाहेर बसला, आणि शेवटच्या अर्ध्या डावासाठी ड्रू ब्युटेरा मुखवटा चढवून प्लेटमागे गेला. वेड डेव्हिसच्या ज्या चेंडूवर न्यूयॉर्क मेट्सचा शेवटचा फलंदाज बाद झाला आणि रॉयल्सला तीस वर्षांनी विजेतेपद मिळाले, तो चेंडू ब्युटेराच्या हातमोज्यात पडला. त्याचे वडील साल ब्युटेराही राखीव कॅचर होते आणि १९८७ च्या विजेत्या मिनेसोटा ट्विन्स संघात होते. घराणे राखीव कॅचरचे आणि विजेतेपदे दोन पिढ्यांत दोन, हे लिहिताना मला मनापासून आनंद होतो. आणि त्याच वेळी दुखावलेल्या पायाचा क्रॅट्झही डोळ्यांपुढून हलत नाही. दोघांच्या कौशल्यात फार अंतर नव्हते. अंतर पडले ते मे महिन्यातल्या एका दुखण्याने.

क्रॅट्झची पाळी आली ती २०१८ मध्ये. मे महिन्यात तो न्यूयॉर्क यांकीजच्या ट्रिपल-ए संघात होता. मिल्वॉकी ब्रूअर्सने त्याला घेतले, आणि ऑक्टोबरमध्ये कोलोराडो रॉकीजविरुद्धच्या बाद फेरीत वयाच्या ३८ व्या वर्षी त्याने आठ वेळा फलंदाजी करून पाच यशस्वी फटके मारले. त्याच क्रॅट्झची २०१६ मधली फलंदाजीची सरासरी शंभरात दहा फटक्यांपेक्षाही कमी होती.

एखाद्या राखीव कॅचरची गरज केवळ एका पिचरमुळेही निर्माण होते. बॉस्टन रेड सॉक्सचा टिम वेकफिल्ड नकलबॉल टाकत असे. हा चेंडू जवळजवळ न फिरता हवेत तरंगत येतो आणि ऐनवेळी कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. डग मिराबेली हा राखीव कॅचर मोठा हातमोजा घालून तो वर्षानुवर्षे झेलत आला होता. २००५ च्या अखेरीस बॉस्टनने त्याला सॅन दिएगो पॅड्रेजकडे दिले आणि ते काम जॉश बार्डकडे आले. २००६ च्या एप्रिलमध्ये बार्डच्या हातून एकामागून एक चेंडू निसटू लागले, महिनाभरात दहा. १ मे रोजी बॉस्टनने बार्ड आणि क्ला मेरेडिथ हा एक तरुण पिचर देऊन मिराबेलीला परत घेतले. त्याच संध्याकाळी यांकीजविरुद्ध वेकफिल्ड टाकणार होता. मिराबेली खास विमानाने बॉस्टनला उतरला, पोलिसांच्या गाडीने त्याला वाटेतल्या गर्दीतून बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर नेले, आणि गाडीच्या मागच्या बाजूला बसून त्याने गणवेश चढवला. पहिला चेंडू पडायला काही मिनिटे उरली असताना तो मैदानावर पोहोचला, आणि बॉस्टनने तो सामना जिंकला. बार्डचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. सॅन दिएगोत नकलबॉल नव्हता. तिथे त्याने त्याच वर्षी हजारी ३३८, म्हणजे हजार प्रयत्नांमागे ३३८ यशस्वी फटके, अशी सरासरी राखली, जी कोणत्याही कॅचरला अभिमानाची वाटावी. एका शहरात निकामी ठरलेला माणूस दुसऱ्या शहरात त्याच हंगामात उत्तम ठरतो, हे या पेशात नवल नाही.

या कामाची किंमत मोजण्याची रीतही मधल्या काळात बदलली आणि तिने काही कारकिर्दी वाचवल्या. २००७ च्या सुमारास प्रत्येक चेंडूचा मार्ग कॅमेऱ्यांनी नोंदवला जाऊ लागला. त्या नोंदींतून दिसून आले, की काही कॅचर काठावरचा चेंडू इतक्या शांत हाताने झेलतात, की अंपायर तो स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाच्या विरुद्ध मोजला जाणारा चेंडू, देतो, आणि हंगामभरात यातून कितीतरी धावा वाचतात. व्हेनेझुएला हा देश आणि प्वेर्तो रिको हा अमेरिकेच्या अखत्यारीतला बेटप्रदेश यांनी असे कितीतरी कॅचर घडवले आहेत. प्वेर्तो रिकोच्या तीन मोलिना भावांपैकी मधला होझे हा आयुष्यभर बहुतेक राखीवच राहिला, पण २०११ मध्ये हे विश्लेषण पुढे आल्यावर या कलेत त्याचे नाव सर्वांत वर निघाले आणि पुढच्या हंगामासाठी टँपा बे रेजने त्याला घेतले. जेफ मॅथिसची कारकिर्दीतली सरासरी हजारी २०० पेक्षाही कमी होती. इतक्या कमी सरासरीवर दुसरा कोणी दोन हंगामही टिकला नसता. मॅथिस २००५ पासून २०२१ पर्यंत मेजर लीगमध्ये खेळला.

आता हे पारडे पुन्हा हलणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मेजर लीगने २०२६ च्या हंगामासाठी नवी पद्धत मंजूर केली. तिच्यात अंपायरच्या निर्णयाला फलंदाज, पिचर किंवा कॅचर आव्हान देऊ शकतात आणि यंत्र निकाल देते. चुकीची आव्हाने प्रत्येक संघाला दोनच. काठावरचा चेंडू चोरण्याची कला यामुळे काहीशी उतरणीला लागेल, पण कोणत्या चेंडूला आव्हान द्यायचे हे प्लेटमागून अचूक ओळखणारा कॅचर तेवढाच मोलाचा होईल, असे माझे मत आहे.

बाकावरची वर्षे वाया जात नाहीत, याचा पुरावा खेळणे थांबल्यावर मिळतो. ब्रूस बोची नऊ हंगामांत ३५८ सामने खेळला, बहुतेक राखीव म्हणून. पुढे व्यवस्थापक होऊन त्याने २०१०, २०१२ आणि २०१४ मध्ये जायंट्सना आणि २०२३ मध्ये टेक्सास रेंजर्सना विजेतेपद मिळवून दिले. (बॉस्टनने मिराबेलीला परत नेले, तेव्हा सॅन दिएगोचा व्यवस्थापक बोचीच होता.) २००८ मध्ये वेकफिल्डचे चेंडू झेलण्याचे काम ज्याच्याकडे आले तो केव्हिन कॅश, कारकिर्दीतली सरासरी हजारी १८३, २०१५ च्या हंगामापासून टँपा बे संघ त्याच्या हाती आला आणि २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे तो अमेरिकन लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा, सर्वोत्तम व्यवस्थापक ठरला. चार-पाच दिवस मैदानाबाहेर बसून पिचर केव्हा दमतो, व्यवस्थापक केव्हा उशीर करतो, हे पाहण्याची सवय ज्याला लागते, त्याला संघ चालवण्याचे निम्मे शिक्षण तिथेच मिळालेले असते. मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. मुंबईचा चंद्रकांत पंडित किरण मोरेच्या काळात पाचच कसोटी सामने खेळला, पण प्रशिक्षक म्हणून त्याने मुंबईला, मग विदर्भाला लागोपाठ दोनदा आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशाला रणजी करंडक जिंकून दिला.

स्टीफन व्होटची गोष्ट सांगून थांबतो. २००७ मध्ये बाराव्या फेरीत निवडलेला हा कॅचर २०१२ मध्ये मेजर लीगमध्ये आला आणि पहिल्या ३२ प्रयत्नांत त्याला एकही यशस्वी फटका मारता आला नाही. दरम्यान टँपा बेने त्याला रोख रकमेच्या बदल्यात ओकलंडला देऊन टाकले. तिथे जून २०१३ मध्ये त्याचा पहिला यशस्वी फटका पडला, आणि तो थेट होमरन, म्हणजे मैदानाच्या कुंपणापलीकडे गेलेला फटका, होता. २०१५ आणि २०१६ मध्ये तो लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात गेला; २०१८ चा पूर्ण हंगाम खांद्याच्या शस्त्रक्रियेत गेला; मग पुन्हा एका संघातून दुसऱ्या संघात, बहुतेक राखीव म्हणून. ऑक्टोबर २०२२ मधल्या ओकलंडच्या शेवटच्या सामन्यात तो फलंदाजीला येताना त्याच्या मुलांनी ध्वनिक्षेपकावरून आपल्या बाबांचे नाव पुकारले, आणि कारकिर्दीतल्या अखेरच्या फलंदाजीतही त्याने होमरनच मारला. २०२४ च्या हंगामासाठी क्लीव्हलंड गार्डियन्सने त्याला व्यवस्थापक केले आणि त्या वर्षी, तसेच २०२५ मध्येही, तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम व्यवस्थापक ठरला. त्या दोन्ही हंगामांत त्याच्या संघाचा राखीव कॅचर होता ऑस्टिन हेजेस. हेजेसची फलंदाजीची सरासरी हजारी २०० च्या बरीच खाली होती, आणि तरीही पहिला हंगाम संपल्यावर क्लीव्हलंडने त्याच्याशी पुन्हा करार केला.